वंशावळीच्या समासात

माझ्या मोठ्या काकांनी पाटबंधारे खात्यातील आरेखकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तीन वर्षे खपून आमच्या घराण्याची जी वंशावळ तयार केली, ती जाड ड्रॉइंग पेपरवर, काळ्या शाईने, कालव्याच्या नकाशाइतक्याच काटेकोर रेषांनी काढलेली असून तिच्यात आठ पिढ्यांतील एकशे एकोणीस नावे आहेत. त्यांत स्त्रीचे नाव एकही नाही. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मी विचारले तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी, "बायका घेतल्या असत्या तर कागद पुरला नसता, बाई," असे उत्तर दिले, आणि आरेखकाचे उत्तर म्हणून ते बिनतोड होते. माझ्या दोघा भावांची नावे त्या कागदावर शेजारी शेजारी आहेत व त्यांच्यामध्ये बोटभर कोरी जागा आहे. ती जागा माझी, असे मी समजते.

या वंशावळीच्या पाचव्या पायरीवर एक पुरुष आहे. तो ऐन तिशीत वारला व त्याचा एकुलता मुलगा, म्हणजे माझे आजोबा, त्या वेळी पाच-सहा वर्षांचा होता, एवढे आम्ही ऐकून होतो. त्यानंतर शेत कोणी कसले, सावकाराचे देणे कोणी वारले, आणि ज्या घरात तोवर कोणी पाटी धरली नव्हती त्या घरातल्या मुलाला अमळनेरच्या शाळेत कोणी नेऊन बसवले, या सर्व प्रश्नांचे उत्तर घरात 'मोठी माय' या दोन शब्दांत मिळे. ही माझी पणजी. काकांच्या लोखंडी पेटीत तिच्यासंबंधी दोन कागद निघाले. पहिला कागद फेरफाराची नक्कल: खातेदार मयत, वारस मुलगा अज्ञान, अ. पा. क. आई. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. शेत तिने कसले, सारा तिने भरला, परंतु सरकारदप्तरी ती या तीन अक्षरांच्या आडून डोकावते. आणि 'आई' एवढा शब्द पुरेसा वाटल्यामुळे पुढे नाव घालण्याचे कष्ट त्या कारकुनाने घेतले नाहीत.

दुसरा कागद सावकाराला लिहून दिलेले मोडी खत. त्याच्या शेवटच्या ओळीत, नेमक्या घडीवर, कसर लागून कागदाची जाळी झालेली. डावीकडचे नाव गेले आहे, 'बाई कोम' एवढी अक्षरे शिल्लक आहेत, त्यांच्यापुढे पणजोबांचे नाव धडधाकट आहे. खाली एक वाटोळे काढलेले, आणि त्याच्या शेजारी लिहिणाराच्या वळणदार हातात 'निशाणी बांगडी'. जुन्या खतपत्रांत ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याचे चिन्ह काढी. कुणबी नांगर काढी, वाणी तराजू काढी, आणि बाई, मग ती कोणत्याही जातीची असो, बांगडी काढी. नवऱ्याबरोबर जिच्या हातातल्या बांगड्या उतरल्या होत्या तिने कर्जाच्या कागदावर सही म्हणून बांगडी काढलेली आहे. वाटोळे नीट जुळलेले नाही. सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये तांदळाएवढी फट राहिली आहे.

'कोम' हा शब्द आजच्या वाचकाला परका वाटेल म्हणून थोडे विषयांतर करते. मुंबई इलाख्याच्या महसुली व दिवाणी कागदांत पुरुष हा बापाचा 'वलद' किंवा 'बिन' असे, आणि बाई ही नवऱ्याची 'कोम' असे. वऱ्हाडात तिला 'जौजे' म्हणत आणि नवरा मेला की 'बेवा'. यावनी अमदानीत दप्तरात शिरलेले हे शब्द इंग्रजी राज्यातही शंभर-सव्वाशे वर्षे सुखाने नांदले, कारण ज्या कामासाठी ते घडले होते ते काम बदलले नव्हते. पुरुषाला त्याच्या मुळाशी बांधायचे आणि बाईला तिच्या नवऱ्याशी. तिचे स्वतःचे मूळ, म्हणजे माहेर, या व्यवस्थेत कोठेच लिहिले जात नाही. लग्नाच्या दिवशी ती एका खात्यातून वजा होते व दुसऱ्या खात्यात 'कोम' म्हणून जमा होते, आणि वजा-जमेच्या या दोन नोंदी एकमेकींना जोडणारा दुवा दप्तरात नाही.

एवढ्या भांडवलावर कोणाचे चरित्र लिहिता येत नाही, हे मला कळत होते. म्हणून मी उलट बाजूने निघाले. माझ्या पणजीच्या वयाची, तिच्यासारखीच निरक्षर, तिच्यासारखीच ऐन उमेदीत विधवा झालेली एक कुणबाऊ बाई, बहिणाबाई चौधरी, जळगावात होऊन गेली, आणि तिचे नाव आज एका विद्यापीठाला दिलेले आहे. ती आपल्याला कोणत्या वाटेने आणि कोणाच्या हातून मिळाली हे एकदा नीट पाहावे, असे मनात आले. वाट जळगावची खरी. पण जुन्या दप्तराची वाट धुळ्यावरून जाते.

याचे कारण असे की १९०६ पर्यंत जळगाव जिल्हा नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती. १८१८ साली पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हापासून सगळा मुलूख मिळून एकच खानदेश जिल्हा होता आणि त्याचे ठाणे धुळे. कॅप्टन ब्रिग्ज या पहिल्या अधिकाऱ्याने पांझरेच्या काठी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली, आणि ती आखणी इतकी शिस्तशीर की धुळ्याच्या गल्ल्या आजही आकड्यांनीच ओळखल्या जातात. चार नंबरची गल्ली, पाच नंबरची गल्ली, असे पत्ते लोक सहज सांगतात. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. म्हणजे आसोद्यास, जळगावपासून दीड-दोन कोसांवर, १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईचा जिल्हा धुळ्याहून चाले. तिचे लग्न झाले तेव्हाही, तिचे पहिले संसाराचे दिवस गेले तेव्हाही.

१८८० हे साल आणखी एका कारणाने लक्षात राहावे असे आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, खानदेशाचा, त्याच वर्षी छापून निघाला. कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेला हा ग्रंथ म्हणजे मोजण्याच्या हौसेचा कळस आहे. नांगर, गाड्या, बैल, विहिरी, कापसाचे गठ्ठे, आठवड्याचे बाजार, घाट, नद्यांचे उतार, जातिजातींचे कपडे आणि जेवणाची भांडी यांची त्यात नोंद आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि आगगाडीमुळे जळगाव नावाचे गाव बघता बघता मोठी पेठ झाले, याची हकीकत आहे. पुढच्याच वर्षी, १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री, शिरगणती झाली. खानदेशची वस्ती बारा लाखांवर भरली. त्या बारा लाखांत सहा महिन्यांची एक तान्ही मुलगी आसोद्याच्या महाजनांच्या घरी मोजली गेली असणार, कारण शिरगणतीला अपवाद नव्हता. पण शिरगणतीत शिरे मोजतात. तोंडे पाहण्याची पद्धत तिच्यात नाही.

धुळ्याच्या ज्या कचेरीत मी काही जुने कागद पाहण्यासाठी अर्ज केला तिचे नाव घेत नाही. अर्जाच्या छापील नमुन्यात 'अर्जदाराचा खातेदाराशी संबंध' असा एक रकाना होता, आणि मी त्यात 'पणती' असे लिहिल्यावर तेथल्या गृहस्थांनी मला अत्यंत सौजन्याने सांगितले की बाई, तुम्ही लग्न होऊन गेलेल्या, तुमच्या भावाला पाठवा. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेस भावाची सही घेऊन गेले. त्या दालनात गर्दी मात्र विलक्षण होती. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यापासून जुन्या कुणबी नोंदींचा शोध महाराष्ट्रभर सुरू झाला आहे, आणि ज्या कोतवाल बुकांकडे, म्हणजे गावच्या कोतवालाने ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या वह्यांकडे, गेल्या पन्नास वर्षांत कोणी ढुंकून पाहिले नव्हते त्यांच्यावर आता तरुण मुले मोबाईलचे दिवे पाडून बसलेली असतात, शेजारी पानावर पैसे घेणारा मोडीवाचक असतो. हे दृश्य पाहून मला आधी आनंद झाला. खानदेश आपले पूर्वज शोधीत आहे, असे वाटले. मग ध्यानात आले की हे सर्व जण एकाच बाजूने वर चढत आहेत. दाखला पितृकुळाचाच लागतो. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, एवढीच शिडी. आईच्या माहेरची नोंद कितीही जुनी आणि कितीही स्पष्ट असली तरी ती पडताळणीला चालत नाही. माझ्या शेजारच्या मुलाला एका पानावर त्याच्या पणजोबांना 'मुलगी झाली' अशी नोंद सापडली. पणजोबांचे नाव आणि जात स्पष्ट होती म्हणून तो हरखून गेला. त्या मुलीचे नाव नोंदीत नव्हते. कोतवालाने पुष्कळदा ते लिहिलेच नाही. मुलगी झाली एवढेच.

दुपारी मी राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसले. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. गावोगाव पायी हिंडून, प्रसंगी कुलकर्ण्यांच्या माळ्यावरच्या उंदीरखाल्ल्या गाठोड्यांवर झडप घालून कागद गोळा करणाऱ्या या विक्षिप्त, कोपिष्ट, अलौकिक माणसाविषयी मला नेहमीच धाक वाटत आला आहे. आणि विवाहसंस्थेच्या इतिहासावर ज्याने मराठीत पहिल्यांदा इतके निर्भीड लिहिले त्याच्याच दप्तरांत विवाहित स्त्री शोधायला गेले असता ती 'कोम' होऊनच भेटते, याची गंमतही. दोष त्यांचा नव्हे. गाठोडी होती तशी त्यांनी आणली, आणि गाठोडी वतनदारांची होती. वतन म्हटले की हिस्सा आला, हिस्सा म्हटला की तंटा आला, आणि तंट्यात पुरावा म्हणून जी कामास येते ती वंशावळ. माझ्या काकांना बिचाऱ्यांना ठाऊक नसेल, पण त्यांनी ड्रॉइंग पेपरवर काढलेला वृक्ष हा मुळात एक दिवाणी दस्तऐवज आहे.

धुळ्यात एकोणिसाव्या शतकातील एका स्त्रीचे पाऊल मात्र अगदी स्पष्ट उमटलेले आहे, आणि ती खानदेशची नव्हे. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने आणि पुण्यातील वाड्यांना लागलेल्या आगींनी सरकार बिथरलेले असताना महादेव गोविंद रानडे यांची बदली धुळ्यास झाली. त्यांची पत्नी रमाबाई तेव्हा सतरा वर्षांची होती. धुळ्याच्या त्या दिवसांत रानड्यांची टपाल फोडून पाहिली जाई, बंडवाल्यांच्या नावाने त्यांना गोवण्यासारखी पत्रे येत, आणि रानडे ती शांतपणे पोलिसांकडे रवाना करीत, हे आपल्याला कळते ते रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींमुळे. सरकारदप्तराच्या पोटातील संशय आपल्याला एका घरातल्या मुलीच्या नजरेने दिसतो: येणारे पाकीट आधीच उघडलेले आहे, हे तिने पाहून ठेवले. तिने लिहायला शिकल्याचा खानदेशाला झालेला हा फायदा. पुस्तकाचे नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' असे आहे, आणि त्यातील 'आमच्या' हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. चरित्र पतीचे लिहायचे, स्वतःला त्या अनेकवचनाच्या पदराआड ठेवायचे, आणि तरीही पानोपानी दिसत राहायचे, हे कसब त्या पिढीच्या बायकांनाच साधले. रमाबाईंना स्वतःचे अपत्य नव्हते. म्हणजे कोणत्याही आरेखकाच्या कागदावर त्यांच्याखाली रेघ निघत नाही. तरी त्या शतकातील जितक्या मराठी बायका आपल्याला जवळून ठाऊक आहेत त्यांत त्यांचा क्रम बराच वर लागेल.

खानदेशच्या पूर्वेकडची शीव ओलांडली की बुलढाणा. तेथील ताराबाई शिंदे यांचे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे आहे, म्हणून दोन वाक्यांत सांगते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला होऊन वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले त्याने संतापून या बाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, ती १८८२ मध्ये पुण्याच्या शिवाजी छापखान्यात छापली गेली, जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली, आणि नंतर ते पुस्तक असे काही बुडाले की १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापीपर्यंत विद्वानांनाही त्याची वार्ता नव्हती. पुस्तक मिळाले म्हणून बाई मिळाली. बाईवरून पुस्तकाकडे जाण्याची वाटच नव्हती.

आणि बहिणाबाईंनी तर काहीच लिहिले नव्हते.

जळगावला मी पहाटेच्या गाडीने उतरले आणि दुपारपर्यंत तीन माणसांनी मला त्या आपल्या नात्यातल्या असल्याचे सांगितले: रिक्षावाल्याच्या मावशीची चुलतसासू, भरिताची वांगी विकणाऱ्या बाईच्या आजोळच्या कोणी, आणि एका दुकानदाराच्या मते तर सगळे लेवा पाटीदार शेवटी एकमेकांचे सोयरेच, त्यामुळे हिशेब करण्याचे कारण नाही. या दाव्यांना मी हसले नाही. ज्या समाजात वंशावळ बाईला घेत नाही त्या समाजात एक बाई इतकी मोठी झाली की सगळ्यांनी तिला आपल्या झाडावर चढवून घेतले. फक्त त्यासाठी तिला आधी पुस्तक व्हावे लागले.

जे निश्चित ठाऊक आहे ते थोडे आहे. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घमा, गना, घना हे भाऊ आणि अहिल्या, सीता, तुळसा या बहिणी. १८९३ साली, तेराव्या वर्षी, जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी लग्न. ओंकार, सोपान हे मुलगे व काशी ही मुलगी. तिसाव्या वर्षी वैधव्य. ओंकारला प्लेगने गाठले आणि त्याच्या अंगात कायमचे अपंगत्व ठेवून गेला. ३ डिसेंबर १९५१ रोजी मृत्यू. लक्षात घ्या, माहेरच्या सहा भावंडांची नावे आपल्याला तोंडपाठ आहेत. वजा-जमेचा जो दुवा दप्तरात नसतो म्हणून मी वर तक्रार केली तो येथे आहे, आणि तो दप्तरामुळे नव्हे, घरात टिकलेल्या बोलण्यामुळे आहे.

जन्मतारखेपाशी मात्र मी अडखळले, आणि येथे संशोधनाची थोडी खोड सांगितल्यावाचून राहवत नाही. सर्वत्र छापलेली तारीख २४ ऑगस्ट १८८०, दिवस नागपंचमीचा. त्या वर्षाचे पंचांग मागे नेऊन पाहिले तर श्रावणातली पौर्णिमा २० ऑगस्टला येते. म्हणजे आपली श्रावण शुद्ध पंचमी १०-११ ऑगस्टच्या सुमारास होऊन गेलेली, आणि २४ ऑगस्ट हा दिवस वद्य पक्षात, चतुर्थी-पंचमीच्या सांध्यावर. तारीख चुकली म्हणून मी वही मिटणार होते, तोच आठवले की गुजरातेत नागपंचमी पाळतात ती श्रावण वद्य पंचमीला. आणि लेवा समाज आपण गुजरातेतून खानदेशात आल्याची परंपरा सांगतो. मग आसोद्याच्या त्या घरात 'नागपंचमीची पोर' म्हणून जी आठवण राहिली ती कोणत्या पंचमीची? पुढे कोणी तरी तिथीवरून तारीख काढताना केलेली चूक, की दोन प्रांतांच्या पंचांगांमध्ये अडकलेली एक खरी आठवण? मला स्वतःला दुसरी शक्यता आवडते. आवडणे हा पुरावा नव्हे, हे राजवाड्यांच्या गावाहून नुकतीच आलेली असल्यामुळे मी विसरले नाही.

जुन्या जळगावातला चौधरी वाडा आता त्यांचे स्मारक म्हणून जपलेला आहे. तेथे त्यांच्या वापरातील जाते, भांडी, शेतीची अवजारे मांडून ठेवली आहेत. वस्तुसंग्रहालयांतून मला सहसा काही होत नाही. पण जात्याच्या खुंट्याजवळ मी बराच वेळ उभी राहिले. खुंटा एका बाजूने गुळगुळीत झालेला असतो. जी बाजू दळणारणीच्या पंजात येते ती झिजते, तिच्यावर तेलकट चकाकी येते, आणि विरुद्ध बाजू खरखरीत राहते. ज्या बाईचे एकही अक्षर उपलब्ध नाही तिच्या हाताचा हा दाब. बांगडीच्या त्या न जुळलेल्या वाटोळ्यानंतर मला दुसऱ्यांदा, कोणाच्या मध्यस्थीवाचून, एका हाताची खूण दिसत होती.

बाकी सर्व मध्यस्थीने. सोपान शाळेत सावित्री-सत्यवानाची गोष्ट शिकला, ती त्याने घरी आईला सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी तिने त्या गोष्टीचे गाणे करून म्हटले, ते त्याने वहीत उतरवले, अशी त्या वहीच्या उगमाची कथा आहे. पुढे सोपानदेव स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले. आई गेल्यावर त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. हे बावनकशी सोने असून ते महाराष्ट्रापासून लपवणे हा गुन्हा ठरेल, अशा अर्थाचे अत्रे बोलले, आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटाने ती गाणी ज्यांच्या घरी पुस्तक शिरत नव्हते त्यांच्याही घरात नेली.

ही कथा आपण इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यातला योगायोग आपल्याला टोचेनासा झाला आहे. मुलगा शाळेत गेला नसता तर? गेला, पण त्याला कवितेची आवड नसती, किंवा आईच्या बोलीची लाज वाटली असती तर? त्या काळी शिकून शहरात गेलेल्या किती मुलांनी घरची बोली उंबऱ्याबाहेर ठेवली याची गणती नाही. माझ्या आजोबांनीही ठेवली. सोपानदेवांचे थोरपण मला त्यांच्या स्वतःच्या कवितेपेक्षा या एका गोष्टीत अधिक वाटते की त्यांनी आईची बोली शुद्ध करून घेतली नाही. ती बोली लेवा गणबोली. तिला सरसकट अहिराणी म्हणण्याची पुणेकरी चूक अजून पुष्कळ जण करतात. धुळे-अमळनेरच्या आमच्या अहिराणीत 'शे' असते, 'ना-नी-नं' असते. भुसावळ-जळगावकडची लेवा बोली वऱ्हाडाकडे कललेली. आसोद्याच्या बाईची गाणी आमच्या गावच्या बाईला समजतील, पण ती ओळखेल की ही आपल्या गल्लीतली नव्हे.

आणि जे वहीत आले नाही ते गेले. तिने आयुष्यभर जात्यावर, चुलीपुढे, शेतावरच्या वाटेत जे जे म्हटले असेल त्यातला हाताच्या बोटांत धरता येईल एवढाच भाग त्या वहीत उतरला. म्हणून चरित्र लिहायला बसणाराने गाण्यांतून बाईचे सर्व आयुष्य वाचून काढण्याचा मोह आवरावा, असे मला वाटते. वैधव्यावरचे गाणे म्हणजे १९१० सालची रोजनिशी नव्हे. ओवी रचणारी बाई परंपरेने चालत आलेल्या दुःखात आपले दुःख मिसळीत असते, त्यातले तिचे किती आणि तिच्या आजीचे किती, हे वेगळे काढण्याची चाळणी कोणाजवळ नाही.

श्राद्धविधी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मला परतीच्या वाटेवर एक गोष्ट सुचवली. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचाही नावानिशी उच्चार होतो. तेव्हा घरात कोणी पक्ष नीट घालीत असेल तर पणजीचे नाव तोंडात असायला हवे. विचार उत्तम होता. पण तो उच्चार तीन पिढ्यांपुरता. नवी पिढी आत आली की सर्वांत वरची बाहेर पडते. माझ्या वडिलांच्या पिढीला हे नाव ठाऊक असायला हवे होते. काकांना विचारले. ते गप्प बसले. पक्षाला गुरुजी 'माता' म्हणून थांबत आणि आजोबा नुसती मान हालवीत, एवढे त्यांना आठवत होते.

राहता राहिली आत्या. ती काकांची थोरली बहीण, आज अठ्ठ्याऐंशी वर्षांची, आणि मोठी मायला डोळ्यांनी पाहिलेले तेवढे एकच माणूस. गेल्या आखाजीला तिला माहेरी आणले. खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण; निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, आणि सकाळी पितरांच्या नावाने घागर पूजतात. चुलीवर उपडे घातलेले मातीचे खापर तापले होते आणि माझी वहिनी दोन्ही हातांवर मांडा झेलीत होती. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिने मला आधी ओळखलेच नाही. "कोनी पोर शे तू?" असे विचारले. वडिलांचे नाव सांगितल्यावर तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि हात तसाच गालावर ठेवला.

मोठी माय काळी होती. डाव्या पायाने किंचित लंगडत असे. पहाटे बैलांना वैरण घातल्याखेरीज तोंड धुत नसे. सावकार दारी आला तर त्याला बसायला घोंगडी टाकी, आणि स्वतः उभी राही. मुलाला शाळेत घातले तेव्हा भाऊबंदांनी बोल लावले, तर तिने बांधावरचा अर्धा निंब विकून फी भरली. उरलेल्या निंबाला आज झोका बांधला आहे. आत्या थांबत थांबत सांगत होती आणि काका एखाद्या सर्वेक्षणाची मापे टिपून घ्यावीत तसे टिपून घेत होते. शेवटी मी नाव विचारले. आत्याने पुष्कळ वेळ विचार केला. मग तिचा चेहरा उजळला. नाव नाही, पण तिचा उखाणा आठवतो म्हणाली. मोठी माय मंगळागौरीला, लग्नात, बायकांनी आग्रह केला की लाजत लाजत तोच एक उखाणा घेई, विधवा झाल्यावरही हट्टाने घेई. आत्याने तो खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. त्यात पणजोबांचे नाव होते, जे वंशावळीच्या पाचव्या पायरीवर काळ्या शाईत लिहिलेले आहेच.

संध्याकाळी मी वंशावळ ओसरीवर उलगडली. पाचव्या पायरीच्या उजवीकडे, समासात, दोन बोटे जागा होती. तेथे मी पेन्सिलीने एक वाटोळे काढले. हात कापल्यामुळे तेही जुळले नाही. काका कंदिलाजवळ येऊन ते निरखीत उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी आपली जुनी कंपासपेटी आणली, रेघपेनात शाई भरली, आणि ते वाटोळे पक्के करताना तांदळाएवढी फट मात्र त्यांनी तशीच ठेवली.